रिकाम्या सीटचं वजन

"दहा दिवस घासतेय मेल्याला. पावडर संपली, लिंबं संपली, आता माझी नखं संपतील. डाग काही जात नाही. काळे हात गॅरेजमध्ये धुवायचे, हे या घरात माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ठरलंय. पण माझं ऐकतंय कोण!"

ही कुरकूर बहुधा नळाला उद्देशून होती. पण स्वयंपाकघर आणि गॅरेजचं ऑफिस यांच्यामध्ये एकच पातळ फळी होती. फळीच्या अलीकडे विमा कंपनीच्या सर्व्हेअर बाई चहाची वाट बघत बसल्या होत्या. वय बावन्न, गुडघे साठीचे, कान मात्र अजून विशीतले.

गॅरेजवाल्या मास्तरांची बायको चहा घेऊन आली. "साखर कमी पडली असेल," ती म्हणाली. "सध्या घरात सगळंच कमी आहे. बोलणंसुद्धा."

बाईंनी फाइल उघडली. पाच वाजायच्या आत रिपोर्ट पाठवायचा होता.

प्रकरण दिसायला सरळ होतं. मास्तर तीस वर्षं चाकांचं अलाइनमेंट करत होते. शर्यतीसाठी खाली बसवलेल्या, रुंद टायर चढवलेल्या गाड्या लांबून त्यांच्याकडे यायच्या. स्पर्धेच्या गेटवर त्यांच्या शिक्क्याचा कागद दाखवला की गाडी पुन्हा कुणी तपासत नसे. नऊ दिवसांपूर्वी, रविवारी, घाटातल्या शर्यतीत त्यांच्याच जावयाची गाडी एका वळणावर मागून फिरली आणि नाकाने भिंतीवर गेली. जावयाला साधं खरचटलं. शेजारच्या सीटवर बसून पुढची वळणं वाचून दाखवत होती ती मास्तरांची एकुलती एक लेक. तिचा गुडघा डॅशबोर्डखाली चिरडला.

मागच्या चाकांचं सेटिंग चुकलेलं निघालं. कागदावर शिक्का मास्तरांचा. आणि फाइलमध्ये लेकीचा सहीचा जबाब: 'अलाइनमेंट वडिलांनी बुधवारी केलं. त्यानंतर त्याला कुणीही हात लावलेला नाही.'

रिपोर्टमध्ये 'अलाइनमेंटमधील चूक' एवढे शब्द पडले की शिक्का जाणार होता. शिवाय मास्तर कायमचे लेकीचा पाय मोडणारा बाप ठरणार होते. त्याची नोंद कुठल्याच फॉर्मवर होत नाही. जन्मभर पुरते मात्र.

मास्तर समोर येऊन बसले. हात धुऊन आले होते. साबणाचा आणि रॉकेलचा वास येत होता.

"मास्तर, चूक तुमची?"

"माझी."

"कशी झाली?"

"झाली."

"मी आजवर पुष्कळ माणसं तपासली. चुकलेला माणूस आधी मशीनला दोष देतो, मग टायरला, मग रस्त्याला, मग हवामानाला. तुम्ही थेट स्वतःवर आलात?"

"वेळ वाचतो," मास्तर म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाचाला अजून चार तास आहेत. गाडी दाखवा."

गाडी मागच्या शेडमध्ये लिफ्टवर चढवलेली होती. नाक चेपलेलं, काच फुटलेली. पण पाठ शाबूत. मागच्या दांड्या सरळ, चाकं अख्खी.

"मला शाळेतल्या पोरासारखं समजावून सांगा," बाई म्हणाल्या. "मागच्या चाकांचं काय चुकलं?"

मास्तरांनी दोन्ही तळहात उभे धरले, बोटं पुढे. मग बोटांची टोकं केसभर एकमेकांकडे वळवली. "चाकांची तोंडं अशी किंचित आत हवीत. मी दोन-दोन मिलिमीटर ठेवली होती. गाडी शेपूट सरळ ठेवते. तोंडं अगदी समांतर केली, म्हणजे शून्य, की गाडी चपळ होते, वळणाला पटकन घुसते. आणि बाहेर गेली..." बोटं एकमेकांपासून फाकली. "मग शेपूट ड्रायव्हरचं ऐकत नाही. तेच पुढे जायला बघतं."

"जावयांना कशी हवी होती?"

मास्तर पहिल्यांदाच अडखळले. "चपळ. सगळ्यांना चपळच हवी असते. दोनदा मागितली, दोनदा नाही म्हटलं. म्हटलं, जावईबापू, तुमची हौस तुमच्यापाशी. माझी पोर बसते त्यात."

कोपऱ्यात वाळूच्या छोट्या पिशव्यांचे दोन ढीग होते. एकावर पुठ्ठ्याची चिठ्ठी 'जावईबापू ७६', दुसऱ्यावर 'पोर ५४'.

"हे काय?"

"माणसं. गाडी इतकी खाली बसवली की थोड्या वजनानेसुद्धा त्या बाजूचं मागचं चाक तोंड बाहेर फिरवतं. म्हणून सेटिंग करताना दोघं बसलेत एवढं वजन सीटवर ठेवायचं. दोघं तासभर बसून राहत नाहीत, मग वाळू बसवतो."

"चोपन्न खरं?"

"पोर म्हणते पन्नास." मास्तरांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "वाळू लाजत नाही."

"आणि मशीन नव्हतं तेव्हा?"

"दोरा. गाडीच्या दोन्ही बाजूंना ताणायचा आणि पट्टीने मोजायचं. दुसरं टोक पोर धरायची. सहा वर्षांची होती."

बाई टॉर्च घेऊन गाडीखाली वाकल्या. गुडघ्यांनी तक्रार केली, ती त्यांनी नोंदवून घेतली नाही.

शेजारच्या सीटच्या बाजूचं मागचं टायर. त्यावरून हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर रबराच्या कडा बोटाला लागत होत्या. चाक वाकडं धावल्याची खूण. पण पुसट.

"बुधवारपासून गाडी किती पळाली?"

"तीनशे किलोमीटर. सरावासाठी."

"चाक तीनशे किलोमीटर असं वाकडं पळालं असतं तर?"

मास्तर फडक्याने हात पुसू लागले.

"कड साफ गेली असती," बाईंनी स्वतःच उत्तर दिलं. "हे वाकडं पळालंय फार तर पन्नास-साठ."

मग त्यांनी टॉर्च सेटिंगच्या नटावर धरला. नट आणि दांडी यांच्यावरून एक तांबडी रेघ गेली होती. अखंड, बारीक, सुबक.

"ही तुमची खूण?"

"सेटिंग झालं की मारतो. नट आपोआप सैल झाला तर रेघ तुटते. तुटली नाही म्हणजे कुणी हात लावला नाही." हे शेवटचं वाक्य मास्तरांनी पाठ केल्यासारखं म्हटलं.

"रंग कसला?"

"नेलपॉलिश. पोरीची जुनी बाटली. रंगापेक्षा चिवट असतं."

बाटली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती.

"घट्ट झालीय केव्हाची," मास्तर घाईने म्हणाले. "ब्रश चालत नाही. काडीने लावतो. ठिपका उमटतो नुसता."

बाईंनी झाकण उघडलं आणि ब्रश वर काढला. तांबडं पॉलिश पाण्यासारखं टपटप गळलं. नाकात झोंबणारा वास आला. नखांवरचं पॉलिश काढायच्या औषधाचा.

मास्तरांनी बाटली बघितली. मग खिडकीबाहेर बघितलं, जणू तिथे एखादं गिऱ्हाईक आलंय. बाहेर कुणी नव्हतं.

लेक आणि जावई वरच्या मजल्यावर राहायचे. लेक पलंगावर होती. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, पायाच्या अंगठ्यावर तांबडं पॉलिश, अर्धं उडालेलं. हाताची नखं स्वच्छ. जावई खुर्चीच्या टोकावर बसला होता. कधीही उठून पळता यावं, असा.

"कुणीतरी काड्या केल्यात," तो लगेच म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी गाडी स्पर्धेच्या मैदानावर नेली. रात्रभर तिथेच उभी होती. आमच्यावर जळणारे कमी आहेत का?"

"जळणारे सोबत नेलपॉलिश घेऊन येतात?"

"कसलं नेलपॉलिश?"

त्याचा चेहरा खरोखर कोरा होता. बाईंनी ते लक्षात ठेवलं. लेक मात्र चादरीची शिवण मोजत होती.

"शनिवारी दुपारी तुम्ही दोघं कुठे होतात?"

"झोपलो होतो. सगळं घर झोपतं. मामा खाली शेडच्या मागच्या खोलीत खाटेवर, एक ते तीन. त्यांची झोप म्हणजे काय विचारू नका. टाचणी पडली तरी उठतात. मशीन चालू केलं तर ते टीं-टीं करतं, त्यानेसुद्धा..." तो थांबला.

"त्यानेसुद्धा उठले असते," बाई म्हणाल्या. "बरोबर. मशीनच्या मेमरीत बुधवारनंतर एकही नोंद नाही. मी बघितलं."

"म्हणजे बुधवारचंच चुकलं," लेक एकदम बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "बाबांकडूनच झालंय. मुद्दाम नाही हो. वय झालं आता त्यांचं. नजर पूर्वीसारखी राहिली नाही."

दारात भांड्याचा आवाज झाला. मास्तर उभे होते. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात तिची दुपारची गोळी. त्यांनी दोन्ही स्टुलावर ठेवलं, गोळी तिच्या हाताला लागेल अशी जरा पुढे सरकवली आणि खाली निघून गेले. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून वाजल्या.

लेकीने गोळी घेतली नाही.

बाई स्वयंपाकघरात गेल्या. "हात धुऊ का? गाडीखाली गेले होते."

"धुवा की. तुम्ही पाहुण्या," मास्तरांची बायको म्हणाली.

पांढरा प्लास्टिकचा नळ. त्यावर काळपट तांबूस ठसा, एक अंगठा आणि दोन बोटं. बाईंनी नखाने खरवडून बघितलं. डाग प्लास्टिकवर नव्हता, आत रुतला होता. नखांचं औषध लागलेल्या ओल्या बोटांनी नळ धरला की प्लास्टिक वितळतं, आणि बोटावरची घाण कायमची घरात घेतं. ठसा लहान होता. मास्तरांच्या अंगठ्यात असे दोन मावले असते.

"मास्तर इथे हात धुतात?"

"छे! मरतील पण गॅरेजबाहेर हात धुणार नाहीत."

"मग हे कुणी?"

मास्तरांच्या बायकोने नळ आणखी मोठा सोडला. "मला काय ठाऊक."

"डाग किती दिवसांचा म्हणालात?"

"दहा."

"अपघाताला नऊ झाले."

पाणी जोरात पडत राहिलं. बराच वेळ, एकही भांडं नसलेल्या मोरीत.

चार वाजता बाईंनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. जावयाने लेकीला उचलून खाली आणलं आणि खुर्चीत बसवलं. कुबड्या तिच्या मांडीवर. तिची आई दाराशी, पदराला हात पुसत. हात कोरडेच होते.

गाडी मशीनवर उभी होती.

"मास्तर, आधी गाडी रिकामी मोजा. फक्त मागची चाकं."

मशीन टीं-टीं करत जागं झालं. मास्तरांनी आकडे वाचले. "ड्रायव्हरच्या बाजूचं दोन मिलिमीटर आत. शेजारच्या बाजूचं शून्य."

"आता तुमच्या पद्धतीने. दोघांची वाळू ठेवा."

पिशव्या फरशीवरून ओढल्या गेल्या. खर्रर्र असा आवाज शेडभर घुमला. लेकीने डोळे मिटले.

"ड्रायव्हरचं शून्य," मास्तरांनी वाचलं. "शेजारचं... दोन मिलिमीटर बाहेर."

"बघा. दोघं बसले की एक चाक बाहेर तोंड करतं. वळणावर सगळा भार त्याच चाकावर आला, आणि शेपूट फिरलं. आता एक करा. पोरीची वाळू काढा. जावयांची राहू द्या."

मास्तर जागचे हलले नाहीत. मग बाईंनी स्वतःच एकेक पिशवी बाहेर काढली. सहा पिशव्या. दमल्या.

"वाचा."

आकडे शेवटी बाईंनीच वाचले. "शून्य. आणि शून्य. दोन्ही बाजू काट्यावर. हे सेटिंग चुकलेलं नाही, मास्तर. फार हुशारीने, फार नीट केलेलं आहे. फक्त ड्रायव्हरच्या सीटवर माणूस होता आणि शेजारची सीट रिकामी होती."

जावई बाजूला पडलेल्या टायरवर टेकला.

"मास्तरांनी केलं असतं तर दोन्ही सीटवर वाळू असती. परक्याने केलं असतं तर एकाही सीटवर काही नसतं, त्याला ही पद्धतच ठाऊक नाही. हे करणाऱ्याला वजन ठेवावं लागतं हे माहीत होतं, पण वाळू ओढता येत नव्हती. का? आवाज होतो. मागच्या खोलीत मास्तर झोपले होते. त्याच कारणाने मशीनही नाही. दोरा वाजत नाही."

"नटावरची रेघ अखंड होती," जावई कसाबसा म्हणाला.

"रेघ नवी आहे. जुनी औषधाने पुसली, पण आट्यांच्या खाचेत तिचा तांबडा शिल्लक आहे, बोटभर बाजूला. घट्ट झालेली बाटली त्याच औषधाने पातळ केली. बाटली या घराच्या ड्रॉवरमधली, म्हणजे मैदानावरचे जळणारे सुटले. मग हात धुवायला गॅरेजमध्ये जायची सोय नव्हती, मास्तर उठायची वेळ झाली होती. म्हणून स्वयंपाकघर."

दाराशी बांगड्या किणकिणल्या.

"बरं, मी केलं," जावई उठून उभा राहिला. "मला चपळ गाडी हवी होती. मामा ऐकत नव्हते. मी एकट्याने केलं. लिहा."

"नेलपॉलिश म्हटल्यावर तुमचा चेहरा बघितला मी. रेघ पुन्हा मारलीय हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसला होतात, वजन हलू नये म्हणून मानसुद्धा वळवायची नाही, असं बजावलेलं." बाईंचा आवाज खाली आला. "बसलेला माणूस एकाच वेळी गाडीखाली नसतो हो. ज्याच्या हातात पाना होता, त्याचीच सीट रिकामी राहिली. मला शोधायचं एवढंच होतं, की कुणाचं वजन कमी पडलं."

कुणीच खुर्चीकडे बघितलं नाही. सगळे मशीनच्या आकड्यांकडे बघत होते. शून्य आणि शून्य.

"बाई, पुरे," मास्तर म्हणाले. "पाच वाजत आलेत. माझी चूक लिहा आणि मोकळ्या व्हा. शिक्क्याचं काय, अजून किती वर्षं मारणार होतो!"

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"गाडी ओढून आणली तेव्हाच. रेघ बघितली." ते थांबले. "इतकी सरळ रेघ आता माझ्या हातून येत नाही. मीच शिकवलीय ती."

मग त्यांनी दाराकडे मान वळवली. "आणि तुला?"

"नळ," त्यांची बायको म्हणाली.

"पहिल्या दिवशी?"

तिने मान हलवली.

"म्हणजे शेजारीपाजारी मला काय काय बोलून गेले, जावयाने सगळ्यांसमोर हात झटकले, पोर वर म्हणाली यांची नजर गेली... आणि तू खाली बसून नळ घासत होतीस?"

"तिचा पाय मोडला होता हो," ती म्हणाली. "तुम्ही उभे तरी होतात."

मास्तर पिशव्यांच्या ढिगावर बसले. चोपन्नची चिठ्ठी त्यांच्या पायाशी पडली होती. ती उचलून त्यांनी उगाच सरळ केली.

कुबडीचा आवाज झाला. लेक उठत होती. जावई पुढे झाला, तिने त्याला हातानेच थांबवलं. कुबडी, पाय, कुबडी, पाय, अशी ती बाईंपर्यंत आली. फाइलमधून आपला जबाब ओढून काढला आणि दोन तुकडे केले. तुकडे ठेवायला हात मोकळा नव्हता, ते खाली पडले.

"वाळू ओढली असती तर बाबा उठले असते," ती बाईंना म्हणाली. "म्हटलं, माझं मेलीचं वजन ते काय असणार!"

मग ती वडिलांकडे वळली. ते वर बघत नव्हते. तिने ते बघेपर्यंत वाट पाहिली.

"पाय माझा मीच मोडला, बाबा. आणि नाव तुमचं सांगितलं."